मॉडर्न चित्रकलेच्या सुरुवातीला थिऑसॉफीसारख्या गूढ विचारांचा खरंच प्रभाव होता का, की ते नंतर चिकटवलंय?

खरंच होता. थिऑसॉफी म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच गूढ सत्य आहे असं मानणारी विचारधारा. अमूर्त चित्रकलेच्या सुरुवातीच्या मोठ्या नावांपैकी डच चित्रकार मोन्द्रियान 1909 मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचा रीतसर मेंबर झाला, आणि रशियन चित्रकार कांडिन्स्कीने तर 1911 च्या शेवटी आलेल्या स्वतःच्या पुस्तकात मॅडम ब्लाव्हाट्स्कींचं नाव घेऊन लिहिलंय. या ब्लाव्हाट्स्कीबाई म्हणजे सोसायटीच्या संस्थापक, त्याच, ज्या सहसंस्थापक कर्नल ऑलकॉटबरोबर 1879 मध्ये मुंबईला आल्या, गिरगावात राहिल्या, आणि 1882 ला सगळं बिऱ्हाड मद्रासजवळ अड्यारला हलवलं.

होमरूलमुळे आपल्याला माहीत असलेल्या अ‍ॅनी बेझंटबाईंनी सोसायटीतल्याच लेडबीटरबरोबर एक पुस्तक काढलं होतं, त्यात राग, माया, भक्ती यांना रंग नि आकार दिलेत, एका चित्रात चर्चच्या छतावर संगीताचा मोठा रंगीत आकार उठलाय. म्हणजे वस्तू न काढता मनातलं दाखवता येतं हे तेव्हा छापून लोकांच्या हातात पडत होतं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भिडते ती स्टॉकहोमची हिल्मा आफ क्लिंट. अकादमीत शिकलेली, लँडस्केप, पोर्ट्रेट, फुलंपानं उत्तम काढणारी बाई, चार मैत्रिणींबरोबर बसून अदृश्य शक्तींशी बोलायची, आणि तिकडून काम मिळालंय म्हणून 1906 ते 1915 मध्ये तिने एका मंदिरासाठी 193 चित्रं केली, त्यातली 1907 ची दहा तर प्रत्येकी 3 मीटरच्या वर उंच, बालपणापासून म्हातारपणापर्यंत, नुसती वेटोळी, पाकळ्या, अक्षरं. कांडिन्स्कीच्या अमूर्त चित्रांच्या आधी! मी गेल्यावर 20 वर्षं ही दाखवू नका असं सांगून ती 1944 ला गेली, आणि जगाने ती चित्रं पाहिली ती थेट 1986 च्या लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात.

पण सगळं श्रेय गूढविद्येला देऊ नका. मोन्द्रियानचं 1911 चं 'इव्होल्यूशन' बघा, तीन निळसर बायका, मधलीचे डोळे सताड उघडे, बाजूला चांदण्या. थिऑसॉफी त्यात शब्दशः आहे आणि माझ्या मते म्हणूनच ते चित्र जड झालंय. त्याच वर्षी त्याने क्युबिझम, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मोडून दाखवणारी चित्रशैली, पाहिला, पॅरिस गाठलं, आणि झाडं काढत राहिला. उभी रेष पुरुष, आडवी रेष स्त्री, आत्मा आणि जड, असं तो तेव्हाही वहीत लिहीत होता, पण चित्रात आता चांदण्या नव्हत्या. त्याचं 1912 चं फुललेल्या सफरचंदाच्या झाडाचं चित्र शोधून बघा, फांद्या नुसत्या कमानी झाल्यात, आणि हे झाड आहे हे नाव वाचल्यावरच कळतं.