मरीन ड्राइव्हवरच्या जुन्या इमारती एकाच साच्यातून काढल्यासारख्या का दिसतात?

कारण त्या साधारण एकाच काळात आणि एकाच नियमावलीखाली बांधल्या गेल्या. ही जमीन मुळात समुद्र. १९२० च्या दशकात सरकारने बॅकबे भराव योजना हाती घेतली. खर्च फुगत गेला, काम रेंगाळलं आणि मुंबईचे वकील आणि काँग्रेस नेते वीर नरिमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला. (पुढे भराव घालूनच झालेल्या नरिमन पॉइंटला त्यांचंच नाव मिळालं, हा नियतीचा विनोदच!) भरावाचे प्लॉट देताना इमारतींची उंची आणि रांग ठरवून दिली होती, त्यामुळे समोरून बघताना सगळी ओळ एका रेषेत दिसते.

१९३० नंतर इथे आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला आर्ट डेको (गोलाकार, भौमितिक आकारांची, तेव्हाची नवी) शैलीचे फ्लॅट उभे राहिले. दगडाऐवजी आरसीसी (आत लोखंडी सळ्या घातलेलं काँक्रीट) आल्यामुळे गोलाकार कोपऱ्यातल्या बाल्कन्या खांबांशिवाय बाहेर काढता आल्या. खिडक्यांवर भुवईसारखे लांब छज्जे, जहाजासारखे कठडे, ग्रिलमध्ये लाटा नाहीतर सूर्यकिरण. पण माझ्या मते खरी क्रांती आतमध्ये होती. चाळीत नळ-संडास सामायिक, इथे मात्र प्रत्येक घराला स्वतःचं न्हाणीघर आणि शौचालय.

ओव्हलवर नक्की जा. पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला हे फ्लॅट, मध्ये क्रिकेट. या दोन्ही बाजूंना आणि मरीन ड्राइव्हला मिळून २०१८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. खाऱ्या हवेने आतलं लोखंड गंजतं, म्हणून दुरुस्तीच्या परांच्या कायम कुठेतरी लागलेल्या दिसतीलच.