कॅमेऱ्यासमोर न येता काय घडवता येईल?

प्रश्न: मी परळला राहते. कार्यालयात मसुदे तपासण्याचे काम अनेक वर्षे करून नुकतीच निवृत्त झाले. आता दुपार मोबाइलवर इतरांचे व्हिडिओ पाहण्यात जाते. इंटरनेटवर आपणही काही घडवावे असे वाटते. परंतु कॅमेऱ्यासमोर बोलण्याचा संकोच आहे आणि मी लेखिकाही नाही. काय करता येईल? (एक वाचक, परळ)

उत्तर: इंटरनेटवर काही करायचे म्हणजे चॅनेल काढून प्रेक्षक जमवायचे, ही समजूत इतकी रुजली आहे की आपल्यासारखी जाणती माणसे दारातच थबकतात, आणि याची मला खरोखर खंत वाटते. आपल्याजवळ तपासणीची नजर आहे. मराठीला तिची नितांत गरज आहे.

मराठी विकिस्रोत या इंटरनेटवरील ग्रंथालयात जुनी पुस्तके सर्वांसाठी खुली केली जातात. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याच्या हयातीत छापलेल्या साहित्यावरील स्वामित्वहक्क संपतो. हरि नारायण आपटे १९१९ साली वारले, त्यामुळे त्यांच्या कादंबऱ्या केव्हाच मुक्त झाल्या आहेत. पुस्तकाची पाने स्कॅन केल्यावर संगणक त्यांतील अक्षरे ओळखतो खरा, पण अनुस्वार गाळतो, रफार भलत्याच अक्षरावर ठेवतो आणि जोडाक्षरे मोडतो. एका बाजूला छापील पानाचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला हा मजकूर ठेवून, जुने शुद्धलेखन न बदलता, प्रत्येक ओळ ताडून पाहणे हे माणसाचेच काम आहे. एकाने तपासलेले पान दुसरी व्यक्ती पुन्हा तपासते, म्हणून नवख्याने चुकण्याची भीती बाळगू नये.

लिहावेसे वाटलेच, तर २००३ सालापासून वाचकांनीच वाढवलेला मराठी विकिपीडिया आहे. १९८२च्या संपानंतर गिरणगाव कसे बदलत गेले, हे आपण जवळून पाहिले असेल. मात्र तेथे नुसती आठवण चालत नाही, छापील आधार द्यावा लागतो, आणि तो शोधायला दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्याला जवळच आहे. गिरणीची एखादी चिमणी अजून उभी दिसली, तर स्वतः काढलेले तिचे छायाचित्र, ठिकाण आणि तारीख लिहून, विकिमीडिया कॉमन्स या इंटरनेटवरील खुल्या चित्रसंग्रहात अवश्य द्या.

तपासणीला पहिले पान गद्याचे घ्या. कवितेत ओळींची मांडणी राखण्याच्या खुणा आधी शिकाव्या लागतात.