स्लीव्ह सर्जरीला 3 वर्षं झाली, भूक नसताना रात्री खाल्लं जातं आणि वजन परत वाढतंय. सर्जरी वाया गेली का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की वजन कमी करायला जठर लहान करण्याचं हे ऑपरेशन केल्यावर 38 किलो उतरले होते त्यातले 9 परत आले, जेवण अजूनही थोडंसंच जातं, पण रात्री सगळे झोपले की भूक नसतानाही काहीबाही खाल्लं जातं, आणि घरात कोणाला सांगायची लाज वाटते कारण ऑपरेशनसाठी एफडी मोडली होती. सर्जरी वाया गेलेली नाही. हे आधी सांगते, बाकीचं मग.

माझी स्लीव्ह 2016 ची, इथे इंदूरलाच झाली. तेव्हा वजन 118, उंची पाच फूट दोन, शुगर होती, जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं. दीड वर्षात 72 वर आले, शुगरच्या गोळ्या बंद झाल्या, आणि मला वाटलं झालं, सुटले. मग 2021 च्या सुरुवातीला काट्यावर 86 दिसले. आता 79 च्या आसपास आहे, बरीच वर्षं तिथेच आहे. म्हणजे तुम्ही आज जिथे उभ्या आहात तिथून मी गेलेली आहे, ऐकीव काही सांगत नाहीये.

पहिली गोष्ट, थोडं वजन परत येणं हे जवळजवळ सगळ्यांचंच होतं, फक्त कोणी बोलत नाही. स्वीडनमध्ये 1987 पासून एक मोठा अभ्यास चाललाय, ऑपरेशन झालेल्या लोकांना वर्षानुवर्षं बघतायत. त्यात गॅस्ट्रिक बायपासवाल्यांचं (हृदयाचं नाही, जठर लहान करून अन्नाला आतड्यात वेगळी वाट काढून देतात ते ऑपरेशन) वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरलं होतं आणि 10 वर्षांनी ते 25 टक्क्यांवर आलेलं होतं. म्हणजे थोडं परत आलं, पण बरंच टिकलं, आणि डॉक्टर तरीही त्याला यशच म्हणतात. ते बायपासचे आकडे आहेत, तुमची माझी स्लीव्ह, पण वळण तेच असतं, आधी खाली मग थोडं वर. तुमच्या 38 तले 29 अजून गेलेलेच आहेत ना? तेवढं वजन पाठीवर घेऊन एक मजला चढून बघा म्हणजे कळेल काय वाया गेलं आणि काय नाही.

आता हे का होतं ते मला जसं समजलं तसं सांगते. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 80 टक्के भाग काढतात, त्यात वरचा फुगीर भाग जातो, आणि भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः तिथेच बनतं. म्हणून पहिलं वर्ष भूकच लागत नाही, आपल्याला वाटतं आपण किती बदललो, जिद्द केवढी आली. ती जिद्द नसते हो, ते हार्मोन कमी झालेलं असतं. भूक गेली तरी खाण्याची दुसरी जी कारणं असतात, कंटाळा, धास्ती, राग, एकटं वाटणं, ती पोटात नसतातच, त्यांना सर्जनची सुरी लागत नाही. दीड-दोन वर्षांनी सगळं अंगवळणी पडलं, लोकांनी "अगं किती बारीक झालीस" म्हणणं थांबवलं, की ती कारणं परत दारात येऊन उभी राहतात.

आणि ती येतात ती मऊ खाण्यातून. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पनीर किंवा उसळ खाल्ली तर पाच-सहा घासांत पोट गच्च होतं, पुढचा घास जातच नाही. पण शेव, बिस्किटं, आइस्क्रीम, श्रीखंड, चहात बुडवलेली खारी, हे तोंडातच विरघळतं आणि सरसर खाली उतरतं, पोट थांब म्हणतच नाही. त्यात वर चहा घेतला की उरलंसुरलं पण धुऊन जातं, म्हणूनच तर जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी पिऊ नका सांगतात. 100 ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात, माझं अख्खं जेवण तेवढ्याचं नसायचं. जेवायला बसले की दोन चमचे भात, आणि रात्री मुठी मुठीनं चरत राहायचं. आमच्या आईचा शब्द आहे तो, चरणं, आणि तोच बरोबर आहे कारण ते जेवण नव्हतंच.

माझं काय झालं ते सांगते कारण तुम्हाला त्यातून काहीतरी सापडेल असं वाटतं. 2020 च्या मार्चमध्ये आमचं दुकान बंद झालं, ह्यांचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे, इंदूरमध्ये तेव्हा कोरोना फार वाईट होता, कित्येक आठवडे शटर वर झालं नाही. उघडल्यावरही गिऱ्हाईक नाही, आणि माल उधारीवर घेतलेला. रात्री दहा साडेदहाला लोकांचे पैशासाठी फोन यायचे, हे गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलायचे, आत येऊन काही न बोलता झोपून जायचे. मी विचारलं तर "तू झोप". हे झोपले की मी ओट्यापाशी. लौंगवाल्या शेवेचा स्टीलचा डबा होता, त्याचं झाकण उघडताना टक्क असा आवाज यायचा, तर तो येऊ नये म्हणून मी झाकण साडीच्या पदरात धरून उघडायची. लाइट लावायची नाही. उभ्यानंच, डब्यात हात घालून, जिरावण, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, भुरभुरून. चव घेतेय असंही नाही, नुसतं हात डब्यात आणि तोंडात. कधी जास्त झालं की छातीत अडकल्यासारखं व्हायचं, तोंडाला फेसाळ पाणी सुटायचं, सिंकमध्ये उलटी करून नळ हळू सोडायचा म्हणजे कोणी उठू नये. आणि दहा मिनिटांनी परत.

एका रात्री सासूबाई उठून आल्या. त्यांना झोप कमीच. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय करून राहिली गं अंधारात?" मी काही बोललेच नाही, हातात मूठभर शेव तशीच. मला वाटलं आता ऐकवतील, एवढा पैसा घातला, आम्ही नको म्हणत होतो. त्यांनी लाइट लावला, स्टूल ओढलं, वाटी काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, खायचं तर बसून खा, उभ्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही. मग स्वतः समोर बसून राहिल्या. मी त्या रात्री वाटीतलं अर्धं पण खाऊ शकले नाही.

त्यानंतर मी काउन्सेलरकडे जायला लागले. ऑपरेशनच्या आधी पण एका काउन्सेलरशी माझं बोलणं झालं होतं, पंधरा मिनिटं, फॉर्म भरला, सही झाली, त्यात मी कधी आणि का खाते हे कोणी विचारलंच नाही, आणि नंतरच्या फॉलोअपला प्रत्येक वेळी नुसता डाएट चार्ट हातात. मला त्याचं अजूनही वाईट वाटतं. नंतरची जी मिळाली ती फार चांगली होती. तिचं माझं बोलणं हिंदीतून. तिसऱ्या चौथ्या वेळी तिनं विचारलं, फोन के बाद आपको क्या लगता है, दुख? डर? मी म्हटलं नहीं, गुस्सा आता है, मुझे कोई कुछ बताता नहीं, घर मेरा भी है. ती म्हणाली, तो आप गुस्सा पी जाती हैं. आणि माझ्या तोंडून मराठीतच निघालं, पीत नाही हो, गिळते. आपल्याकडे राग गिळतातच ना. मी ते बोलून गेले आणि तिथेच रडायला लागले, कारण मी खरोखर काय करत होते ते मला त्या एका शब्दात दिसलं, डब्यासकट.

तुमचं कारण राग नसेल, दुसरं काही असेल, पण ते शोधल्याशिवाय चार्ट बदलून काही उपयोग नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तिनं मला एकच काम दिलं होतं, खाणं थांबवू नका, फक्त लिहा, किती वाजता आणि त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात घरात काय झालं. काय खाल्लं ते लिहायचं नाही. दोन आठवड्यांत वहीत दिसायला लागलं की ज्या दिवशी फोन नाही त्या दिवशी डबा नाही. मग ती वही मी ह्यांना दाखवली. सोपं नव्हतं, दोन दिवस आम्ही बोललो नाही. पण त्यानंतर रात्री हिशोबाला आम्ही दोघं बसायला लागलो, कोणाचे किती द्यायचे ते मलाही कळायला लागलं, देणं काही कमी झालं नव्हतं पण माझा हात डब्याकडे जाणं निम्म्यावर आलं.

शेवेचा डबा मी घरातून काढला नाही. आधी दोनदा काढून बघितला होता, काढला की चार दिवस मी फार शहाण्यासारखी वागायची आणि पाचव्या दिवशी कोपऱ्यावरून पाव किलो आणून संपवायची. आता सासूबाईंचाच नियम चालतो, लाइट लावून, बसून, वाटीत. अंधारात उभ्यानं काही नाही. एवढ्यानं काय होणार असं तुम्हाला वाटेल, मलाही वाटलं होतं, पण लपून खाणं बंद झालं ना की निम्मं खाणं आपोआप बंद होतं, कारण त्यातलं निम्मं लपण्यासाठीच असतं. दुपारी चारला मूठभर भाजलेले चणे किंवा पनीर खाते, कारण दिवसभर कमी प्रोटीन गेलं की रात्री जास्त ओढ लागते. दिवसाला 60 ग्रॅम तरी प्रोटीन सांगतात, आपल्यासारख्या शाकाहारी घरात ते मुद्दाम बघावं लागतं, पोह्यातून आणि साबुदाण्यातून ते येत नाही.

आणि हे सगळं मनाचंच आहे असंही धरून बसू नका. तुमच्या सर्जनकडे जाऊन दाखवा, कधी कधी स्लीव्ह ताणली जाते, कधी थायरॉइड असतो, काही औषधांनी वजन वाढतं, ते तपासल्याशिवाय स्वतःला दोष देणं हा स्वतःवर अन्याय आहे. बी12, आयर्न, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम बघून घ्या. गोळ्या जन्मभराच्या असतात आणि दोन-तीन वर्षांनी आपण त्या हळूच सोडतो. मी सोडल्या होत्या, पायाला मुंग्या यायला लागल्या, बी12 अगदी तळाला गेलेलं निघालं. तुम्हाला उलट्या होत असतील आणि थांबत नसतील तर वाट बघू नका, सरळ डॉक्टरकडे जा, त्यात बी1 कमी होऊन नसांवर आणि डोक्यावर परिणाम होतो. छातीत जळजळ असेल तर तेही सांगा, स्लीव्हनंतर ॲसिडिटी वाढते, आणि रात्री खाऊन आडवं झालं की आणखी. वजनाची नवीन इंजेक्शनं 2025 पासून आपल्याकडे मिळतायत, सर्जरीनंतर वजन वाढलेल्या काहींना डॉक्टर ती देतात, मी घेतलेली नाहीत, पण विचारायला लाज कसली. आणि एक, खाणं सुटलं की दुसरं काही त्या जागी येत नाहीये ना ते बघा. माझं ऑनलाइन साड्यांवर आलं होतं. काहींचं दारूवर येतं, आणि ऑपरेशननंतर दारू लवकर आणि जास्त चढते.

काउन्सेलरला पैसे घालणं आत्ता जमत नसेल तर 14416 हा सरकारचा टेली मानसचा नंबर आहे, 2022 मध्ये सुरू झाला, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालतो, भाषा निवडता येते. रात्री साडेअकराला ओट्यापाशी उभं असताना पण लावता येतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

खाणं मी सोडलेलं नाही, इंदूरमध्ये राहून ते शक्यही नाही आणि मला नकोही आहे. रविवारी पोहे येतातच, मी अर्धी प्लेट आणि जिलबीचं एक वेटोळं घेते, सगळ्यांबरोबर, बोलत बोलत. थंडीत सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खायला जातो, चार तुकडे मला पुरतात, बाकी पोरं खातात. तिथे रात्री अकराला एवढ्या गर्दीत आणि एवढ्या उजेडात खाल्लेलं मला कधी त्रास देत नाही. त्रास दिला तो घरातल्या अंधारात खाल्लेल्यानं. हळदीकुंकवाला, गणपतीत लोक आग्रह करतात, "अगं एवढंसं काय खातेस", तर मी प्लेट हातात ठेवते आणि बोलत राहते, प्लेट भरलेली दिसली की कोणी वाढत नाही. ऑपरेशन झालंय हे आता सांगून टाकते, पूर्वी लपवायचे.

घरी सांगायचं म्हणालात ना. सगळ्यांना नका सांगू, एकाच माणसाला सांगा, आणि वजन वाढलंय असं सांगू नका, ते त्यांना दिसतंच आहे. रात्री काय होतं ते सांगा. माझ्या सासूबाईंनी ऑपरेशनला विरोध केला होता, आणि उपयोगाला त्याच आल्या, तुमच्या घरातही जो माणूस तुम्ही आत्ता मनात यादीतून काढून टाकलाय तोच असू शकतो.

अजूनही होतं. परवा मुलीचं पुण्याहून फोनवर काहीतरी वाकडं बोलणं झालं आणि बारा वाजता मी स्वयंपाकघरात होते. लाइट लावला, वाटी काढली, बसले. वाटीभर खाल्ली, दुसरी घेतली नाही. वहीत लिहिलं, 12:10, तिचा फोन. सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, मला पण दे थोडी.