पाप कबूल केलं की क्षमा मिळते, ही ख्रिस्ती धर्मातली पळवाट नाही का?

तुमचा प्रश्न असा की नुसत्या कबुलीवर क्षमा मिळत असेल तर माणूस सुधारेल कशाला. आणि खाली जाता जाता लिहिलंय की तुमच्या हातून घडलेली एक गोष्ट कितीही प्रार्थना केली तरी मनातून जात नाही. मी ख्रिस्ती आहे, धर्मगुरू वगैरे नाही. मला हे दुसरंच जास्त महत्त्वाचं वाटलं.

येशूला त्याच्या दोन शिष्यांनी एकाच रात्री दगा दिला. यहूदाने चांदीच्या तीस नाण्यांसाठी त्याला पकडून दिलं, पेत्राने त्याची ओळख तीनदा नाकारली. यहूदाला पश्चात्ताप झालाच नाही असं पुष्कळांना वाटतं, पण बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) २७वा अध्याय वाचा. त्याने पैसे परत नेले, निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केलं असं स्वच्छ सांगितलं. मुख्य याजकांनी ऐकून घेतलं आणि म्हटलं, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. मग त्याने स्वतःच स्वतःला मृत्युदंड दिला. पेत्राने कबुलीचा एक शब्दही उच्चारल्याची नोंद नाही, तो नुसता रडला. पण शिष्यांना सोडून गेला नाही, आणि पुनरुत्थानानंतर, म्हणजे येशू मरणातून पुन्हा उठल्यावर, किनाऱ्यावर येशू आहे हे कळताच नावेतून उडी टाकून त्याच्याकडे निघाला. येशूने त्या रात्रीचा विषयच काढला नाही. 'माझ्यावर प्रीती करतोस का?' असं तीनदा विचारलं आणि मेंढरं राखायचं काम सोपवलं. (तिथे कोळशांचा विस्तव होता, आणि नाकारताना पेत्र शेकत होता तोही कोळशांचाच. हा प्रसंग सांगणाऱ्या शुभवर्तमानाच्या लेखकाने, योहानाने, हे सहज लिहिलं असेल असं मला वाटत नाही.)

तेव्हा मनाला अजून टोचतंय म्हणजे क्षमा झालीच नाही, असं धरून चालू नका. बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटलंय की आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव मनापेक्षा थोर आहे. मला स्वतःला या ओळीचा फार आधार वाटतो.

आता पळवाटेचं. ही शंका पौलाच्या, म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रेषिताच्या, काळापासूनची आहे. रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या (रोमकरांस) पत्राच्या ६व्या अध्यायात तो ती स्वतःच मांडतो आणि झटकून टाकतो. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवून तिच्या नवऱ्याला मारवणाऱ्या दावीद राजाला क्षमा मिळाली, तरी त्याच्या कृत्याचे परिणाम टळले नाहीत. जक्कय नावाच्या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं, पण येशू त्याच्या घरी उतरायला तयार झाला तो त्याआधीच. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

तुमच्या त्या गोष्टीत कुणाचं नुकसान झालं असेल तर देवाइतकंच त्या माणसाशीही बोलावं लागेल. 'पण परिस्थितीच तशी होती' हे वाक्य तेवढं वगळा. त्याने माफ केलं नाही तर मागे लागू नका, तो त्याचा हक्क आहे. भरपाई मात्र तरीही करा.