सगळीकडे लिस्टच का?

प्रश्न : मी पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकत आहे. लोकलच्या स्थानकांची माहिती साठवणारा सरावाचा प्रोग्राम लिहिताना मी सर्वत्र लिस्टच (क्रमवार यादी) वापरली. तो चालतो, पण शिक्षक सेट (पुनरावृत्ती नसलेला संच) आणि डिक्शनरी (नाव व त्याची माहिती अशा जोड्यांचा साठा) वापरायला सांगतात. निवड कशी करावी?
— एक विद्यार्थिनी, मुलुंड

उत्तर : साठवलेल्या माहितीवर कोणती क्रिया वारंवार करायची आहे, हे आधी ठरवावे. चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड हा क्रमच महत्त्वाचा असेल, तर लिस्ट योग्यच आहे. मात्र ‘यात दादर आहे का?’ असे विचारल्यावर पायथनला लिस्टमधील घटक पहिल्यापासून एकेक करून तपासावे लागतात. सेटमध्ये हॅशिंगमुळे (घटकावरूनच त्याची जागा ठरवणाऱ्या आकडेमोडीमुळे) ती जागा जवळपास थेट सापडते, त्यामुळे नोंदी लाखभर झाल्या तरी शोधाचा वेळ सहसा फारसा वाढत नाही. तीसेक स्थानकांसाठी हा फरक जाणवणारही नाही, हे खरे. तरीही मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग आणि पश्चिम रेल्वे यांचे दोन सेट करून ‘मध्य & पश्चिम’ एवढे लिहिले, की सामाईक स्थानक म्हणून दादर लगेच मिळते. (एका नावापुढे चुकून मोकळी जागा राहिली असेल, तर मात्र मिळणार नाही.) सेटमध्ये क्रमाची हमी नसते.

नावावरून फलाट किंवा अंतर शोधायचे असल्यास डिक्शनरी घ्यावी, पायथन ३.७ पासून तिच्यात नोंदी घातल्याचा क्रमही टिकतो. अक्षांश-रेखांशाची जोडी टपलमध्ये (न बदलता येणाऱ्या यादीत) ठेवावी, कारण ती डिक्शनरीची ‘की’ (जिच्यावरून नोंद शोधतात ती खूण) म्हणून चालते. की म्हणून लिस्ट दिल्यास ‘टाइपएरर’ हा चुकीचा संदेश येतो.