विद्यापीठात अरबी शिकतोय. मोबाइलवरचा शब्दकोश पुरेल का?

पुरेल, पण आधी धातू, म्हणजे शब्दाची मूळ व्यंजनं (बहुधा तीन), ओळखायला शिका. हान्स वेअर या जर्मन अभ्यासकाचा अरबी कोश (मूळ जर्मन, 1952) धातूंनुसार लावलेला आहे. 'मुस्तक्बल' म्हणजे भविष्यकाळ. तो शोधायला पुढचं 'मुस्त' सोलून क-ब-ल वर जावं लागतं. तिथेच आपले 'कबूल' आणि 'मुकाबला' भेटतात! 'अल्मआनी'सारख्या साइटवर अख्खा शब्द टाकला की अर्थ लगेच हातात, म्हणून ही सोलायची सवय लागत नाही.

दुसरी गोची ऱ्हस्व स्वरांची. ते सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे क-त-ब ही तीन अक्षरं 'कतब' (त्याने लिहिलं), 'कुतिब' (लिहिलं गेलं) किंवा 'कुतुब' (पुस्तकं) असू शकतात. कोश तिन्ही दाखवेल, निवड वाक्य बघून तुम्हीच करायची. मी तर आधी वहीत धातूचा अंदाज लिहायचो, मगच टाइप करायचो.