खड्ड्यापाशी पाटी लावून काय उपयोग? हायवेच्या कामांवर तुमचे प्रश्न

हायवेवर काम चालू असताना होणाऱ्या अपघातांवर प्रश्न पाठवा म्हटलं होतं. भरपूर आले. त्यातले निम्मे नुसत्या शिव्या होत्या, त्या पटल्या पण त्याला उत्तर काय देणार, म्हणून बाजूला ठेवल्या. मी कामाच्या साइटवर जाऊन सेफ्टी ऑडिट करतो त्यामुळे उत्तरं त्याच नजरेतून आहेत, ट्रॅफिक पोलिसाच्या नाही.

पुण्यातल्या नऱ्ह्याहून एक वाचक: सर, बायपासवर काम असलं की बोर्ड असतो, बॅरिकेड असतात, तरी मागून ट्रक येऊन ठोकतोच. या ड्रायव्हर लोकांना दिसत नाही का?

दिसतं हो. पण कधी दिसतं? ताशी 80 ने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. आपल्याकडे रस्ता डिझाइन करताना ड्रायव्हरला समोरचं दिसून, कळून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत अडीच सेकंद धरतात, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 55 मीटर गेले. थांबेपर्यंतचं सगळं धरलं तर 80 च्या स्पीडला 120 मीटर लागतात आणि 100 ला 180. आणि हे झालं सपाट रस्त्याचं. आता कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार आठवा, लोड भरलेला ट्रक, डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडलेला, ब्रेक तापलेले, आणि समोर अचानक ब्रेकलाइटची रांग. कसला थांबतोय तो.

पण खरी गोम पुढेच आहे. बोर्ड मोजून लावतात ते कामाच्या जागेपासून. ठोकर मात्र बऱ्याचदा कामाच्या जागी होतच नाही, ती होते रांगेच्या शेपटीला. सकाळी सातला रांगच नसते, साडेनऊला ती किलोमीटरभर मागे गेलेली असते, आणि 'पुढे काम चालू' चा बोर्ड त्या रांगेच्या पोटात कुठेतरी उभा असतो, म्हणजे जे आधीच अडकलेत ते तो निवांत वाचत बसतात आणि ज्याला खरंच वाचायची गरज आहे तो अजून मागून फुल स्पीडमध्ये येतोय, त्याला पत्ताच नाही.

यावर उपाय काही रॉकेट सायन्स नाही. एक पिकअप घ्यायची, मागे मोठा ब्लिंकर किंवा ॲरो बोर्ड लावायचा, आणि ती शोल्डरवरून, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवरून, रांगेच्या शेपटीच्या मागे चांगलं अंतर ठेवून मागेपुढे सरकवत राहायची. रांग वाढली की गाडी मागे. उतारावर तर अजून मागे. खर्च किती, एक ड्रायव्हर आणि थोडं डिझेल. तरी बहुतेक साइटवर ही गाडी नसते कारण बिलात तिचा वेगळा आयटम नसतो, असं मला कितीदा ऐकवलं गेलंय.

एक गोष्ट अजून. हे सगळं कामगारांसाठी असतं असा आपला समज असतो. अमेरिकेत याची आकडेवारी नीट ठेवतात, तिथे 2022 मध्ये वर्क झोनमधल्या, म्हणजे काम चालू असलेल्या रस्त्यावरच्या, अपघातात 891 लोक गेले आणि तिथे मरणाऱ्यांत साधारण पाचातले चार हे गाडीतलेच लोक असतात, ड्रायव्हर नाहीतर सोबतचे. म्हणजे बोर्ड तुमच्याआमच्यासाठीच आहे.

सातारा रोडवरच्या एका साइटवरून: मी सबकॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर आहे. एक लेन बंद करायची असली की शेठ म्हणतात आठ-दहा कोन लाव, बास. खरं किती पाहिजेत?

दादा, तुमचा प्रश्न सगळ्यात आवडला कारण तुम्ही करणारे आहात.

कोन किती हा प्रश्नच चुकीचा आहे, किती लांबीत हे विचारा. लेन हळूहळू निमुळती करत बंद करायची, त्याला टेपर म्हणतात ते तुम्हाला माहीत असेलच. अमेरिकेतल्या मॅन्युअलचा एक सोपा हिशोब आहे: स्पीड ताशी 70 किंवा जास्त असेल तर लेनची रुंदी मीटरमध्ये गुणिले स्पीड गुणिले 0.62. आपली लेन साडेतीन मीटरची, गाड्या 80 ने येतायत, म्हणजे झाले जवळजवळ 175 मीटर. स्पीड 60 किंवा कमी असेल तर रुंदी गुणिले स्पीडचा वर्ग भागिले 155, म्हणजे 60 ला 81 मीटर. आणि स्पीड कुठला धरायचा तर गाड्या खरंच ज्या स्पीडने येतात तो, तुम्ही काल लावलेल्या 'वेग मर्यादा 30' च्या बोर्डवरचा नाही, तो कोणी पाळत नाही हे तुम्हालाही माहितीये.

आता गंमत बघा. 80 च्या स्पीडला कोन साधारण 15 मीटरवर एक लागतो. म्हणजे 175 मीटरला तेरा कोन. शेठ आठ-दहा म्हणतायत! भांडण चार कोनांचं नाहीच आहे, होतं काय की ते दहा कोन आपण वीस-पंचवीस मीटरमध्ये कोंबतो, कारण तेवढंच चालायचा कंटाळा. कोन आहेत पण वेळ नाही, आणि ड्रायव्हरला वेळच पाहिजे असतो. हा हिशोब फक्त शेठना समजावण्यापुरता ठेवा, आपल्या कामाला इंडियन रोड्स काँग्रेसचं एसपी 55 हे पुस्तक आहे, 2001 चं, 2014 ला नवं केलेलं, त्यात तक्ते आहेत. आधी वॉर्निंग, मग वळवणं, मग प्रत्यक्ष काम, मग परत मूळ रस्त्यावर सोडणं, असे चार भाग त्यात सांगितलेत आणि प्रत्येकाची लांबी स्पीडवर. टेंडरमध्ये त्याचा उल्लेख असतोच, एकदा उघडून बघा.

टेपर संपला की लगेच माणसं उभी करू नका. मध्ये मोकळी जागा ठेवायची, बफर म्हणतात त्याला, कोणी कोन तोडून आत घुसलाच तर त्याला थांबायला. मी साइटवर गेलो की आधी ही जागा बघतो आणि तिथे हमखास काय सापडतं तर जनरेटर, वाळूचा ढीग, मुकादमाची बुलेट, आणि दुपारी सावली पडत असेल तर डबे खाणारी पोरं. अख्ख्या साइटवरची सगळ्यात धोक्याची जागा ती, आणि रिकामी दिसते म्हणून सगळे तिथेच जातात. तिथे काहीच नको, एक फावडंसुद्धा नको.

चुना लावलेले दगड नकोत. काँक्रीट भरलेले ड्रम नकोत. रात्री टू-व्हीलरवाला त्यावर आदळला तर तुमच्या खड्ड्यापेक्षा तुमचा दगडच त्याला मारतो. आणि ते लाल-पांढरे प्लास्टिकचे पाणी भरायचे बॅरियर, त्यात पाणी भरा राव! रिकामे ठेवले तर जोराच्या वाऱ्यानेच लेनमध्ये येऊन पडतात, गाडी काय अडवणार.

खेड शिवापूरहून एक ताई: माझा भाऊ कामावर झेंडी दाखवायला उभा असतो. जॅकेट दिलंय कंपनीने. तेवढं पुरे का? घरी सगळ्यांना काळजी वाटते.

ताई, जॅकेट पाहिजेच पण ते काम कसं करतं ते भावाला सांगा. त्याचा पोपटी किंवा केशरी रंग दिवसा आणि संध्याकाळी उठून दिसतो, रात्री तो रंग काही कामाचा नाही. रात्री चमकते ती पट्टी, आणि ती स्वतःहून चमकत नाही, गाडीच्या हेडलाइटचा उजेड परत फेकते. पट्टीवर डांबर, धूळ बसली की ती मेली. महिनोन् महिने न धुतलेलं जॅकेट रात्री साध्या शर्टासारखंच. पट्टीला भेगा पडल्या, सोलली, तर नवीन मागायचं, लाजायचं नाही.

उभं कुठे राहायचं हे जॅकेटपेक्षा महत्त्वाचं. लेनमध्ये नाही, शोल्डरवर. एकटं, घोळक्यात नाही, कारण घोळक्यात झेंडी हरवते. झाडाच्या सावलीत नाही, ऊन कितीही असो, त्याला छत्री नाहीतर टोपी आणि पाणी देणं हे कंपनीचं काम आहे. पाठ ट्रॅफिककडे कधीच नाही. आणि उभं राहण्याआधी ठरवून ठेवायचं की गाडी अंगावर आली तर मी कुठे उडी मारणार. मागे क्रॅश बॅरियर किंवा खोल चर असेल तर ती जागाच चुकीची. मोबाइल खिशात, कानात काही नाही. रात्री असेल तर त्याच्यावर लाइट पाहिजे, पण तो हॅलोजन समोरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यात नको, हे आपल्याकडे सर्रास होतं, काम झगझगीत उजेडात आणि ड्रायव्हर आंधळा.

अजून एक, याकडे कोणी बघतच नाही. कामावरच्या माणसाला फक्त बाहेरच्या गाड्यांपासून धोका नसतो, आपल्याच डंपरपासून पण असतो. रिव्हर्स घेताना मागे थेट काही दिसत नाही, आणि रिव्हर्सचा भोंगा कटकट होते म्हणून वायर काढून ठेवलेला डंपर मी पाहिलाय. भावाला म्हणावं, ड्रायव्हरचा चेहरा आरशात दिसत नसेल तर ड्रायव्हरलाही तू दिसत नाहीस.

आणि त्याचं वय 18 ते 60 मध्ये असेल, वर्षात 90 दिवस काम भरलं असेल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्या. रस्त्याची कामं त्यात येतात. 90 दिवसांचा दाखला लागतो, तो कॉन्ट्रॅक्टरकडून आत्ताच मागून ठेवा, काम संपल्यावर कोणी ओळख देत नाही.

बाणेरहून: लेन बंद होताना काही लोक शेवटपर्यंत मोकळ्या लेनमधून येतात आणि पुढे घुसतात. आम्ही रांगेत उभे मूर्ख का?

मूर्ख नाही, पण घुसणारा चूक आहे असंही नाही. ट्रॅफिक तुंबलेलं असेल तर दोन्ही लेन शेवटपर्यंत वापरून तोंडाशी एक इकडची एक तिकडची असं जाणं जास्त चांगलं, मिनेसोटा राज्याचा रस्ते विभाग सांगतो की यात रांग 40 टक्क्यांपर्यंत कमी होते. आणि रांग आखूड म्हणजे शेपटी कामाच्या जवळ, बोर्डांच्या पुढे, वरचं नऱ्ह्याचं उत्तर परत वाचा. रस्ता मोकळा असेल तेव्हा मात्र लवकर लेन बदला. आपल्याकडे एक सोडून एक होईल का? तोंडाशी माणूस उभा केला तर होतं. नाही केला तर पीएमटीची बस आधी जाते.

वाघोलीहून: रस्ता खरवडून ठेवतात आणि दोन लेनमध्ये पायरी तयार होते. पावसात दोनदा ॲक्टिव्हा घसरता घसरता वाचली. कशी चालवायची?

ती पायरी रस्त्याच्या लांबीत असते म्हणून वाईट. आडवी असती तर नुसता दणका बसला असता. लांबीत असली की चाक तिच्या कडेला घासत जातं, आपण हँडल वळवतो, चाक चढत नाही, चढत नाही, आणि एकदम चढतं तेव्हा गाडी आडवी. म्हणून हळूहळू तिरकं चढायचा प्रयत्न करायचाच नाही. एकतर आहे त्या लेनमध्येच राहा, नाहीतर आरशात मागचं बघून, स्पीड अगदी कमी करून, जमेल तेवढ्या काटकोनात चढा. खरवडलेल्या भागावर गाडी थोडी वळवळते, हँडल आवळून धरलं की जास्त वळवळते, सैल धरा. पुढचा ब्रेक खडीवर आणि ओल्या लोखंडी प्लेटवर दाबायचा नाही.

पण हे तुमच्या गळ्यात घालणंही बरोबर नाही. पायरी उघडी ठेवायचीच नसते. ज्या दिवशी खरवडलं त्याच दिवशी थर टाकता येत नसेल तर कडेला उतार करून द्यायचा, आणि आधी बोर्ड. अमेरिकेत तर डांबराची कडाच 30 अंशात तिरकी दाबून घेतात, पेव्हरला, म्हणजे डांबर अंथरायच्या मशीनला, एक जोड लावायची असते, बास.

हडपसरहून: तक्रार करून काही होतं का? जबाबदार कोण?

होतं, पण तुम्हाला वाटतं तसं नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 198अ कलम आलं. रस्त्याचं काम करणारी यंत्रणा, कॉन्ट्रॅक्टर, कन्सल्टंट, कोणीही सुरक्षेचे ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे कोणी गेलं किंवा अपंग झालं तर एक लाखापर्यंत दंड. एक लाख! काम शेकडो कोटींचं. हसू येतं, पण त्याच कलमात एक कामाची गोष्ट आहे. कोर्टाने काय काय बघायचं ते लिहिलंय, त्यात एक म्हणजे इथे धोका आहे हे त्या यंत्रणेला माहीत होतं का किंवा माहीत असायला हवं होतं का, आणि दुसरं म्हणजे दुरुस्ती लगेच शक्य नव्हती तर वॉर्निंगचे बोर्ड कोणते लावले होते. म्हणजे तुमची तारीख-वेळेसकट तक्रार हा पुरावा झाला. उद्या 'आम्हाला कल्पना नव्हती' म्हणता येत नाही.

नॅशनल हायवे असेल तर 1033 हेल्पलाइनला फोन, किंवा राजमार्गयात्रा ॲपवर फोटोसकट. शहरातला रस्ता असेल तर महापालिका. अपघात झालाच असेल तर आधी 108 आणि 112, तक्रार नंतर.

आणि फोटो काढताना सगळे खड्ड्याचा क्लोजअप पाठवतात, त्यातून काही सिद्ध होत नाही, कामावर खड्डा असणारच. सुरक्षित जागी गाडी लावून, येणाऱ्या ट्रॅफिकच्या बाजूने, शे-दीडशे मीटर मागून फोटो काढा, जमलं तर रात्रीचा पण, म्हणजे ड्रायव्हरला तिथून काय दिसतं आणि काय दिसत नाही ते त्यात येईल. किलोमीटरचा दगड फ्रेममध्ये घ्या.